अकरा जिंकल्या, पण बारावीचं काय?

ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये कुणाही पन्नाशी ओलांडलेल्या माणसासमोर जॉन कूपरचं नाव काढून बघा, चेहरा कसा होतो ते. १९८८ ते २००० अशी तेरा वर्षं हा बाबा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा हेड कोच होता, १११ मॅच जिंकला, पुढे कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही गेला, आणि तरी इथे त्याची ओळख एवढीच की शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाविरुद्ध दोन जिंकल्या, दहा हरल्या, एक बरोबरीत. १९९५ आणि १९९६ ला तर टीम एकही मॅच न हरता मिशिगनसमोर गेली आणि दोन्ही वर्षी तिथेच आपटली. मग त्याच्या जागी जिम ट्रेसल आला, जानेवारी २००१ मध्ये बास्केटबॉलच्या एका मॅचला त्याच्या हातात माइक दिला, तर तो म्हणाला की आजपासून ३१० दिवसांनी ॲन आर्बरमध्ये, म्हणजे मिशिगनच्या घरी, तुम्हाला आमच्या पोरांचा अभिमान वाटेल. माणूस नोकरीवर नुकता रुजू झालेला, टीम अजून नीट बघितलेली नाही, पण दिवस मोजून आलेला. आणि जिंकला पण.

हे आधी सांगून टाकलं कारण याच्याशिवाय आत्ताचा कोच रायन डे याचं प्रकरण कळणारच नाही. मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली, मी इथे एमएस करायला आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा एवढंच माहीत, आणि शनिवारी अख्खं गाव लाल-राखाडी कपडे घालून कुठे निघालंय ते कळायचं नाही. पुण्याहून भाऊ अजूनही विचारतो, अरे कॉलेजच्या पोरांच्या मॅचचं एवढं काय घेऊन बसलाय तुम्ही? आता त्याला काय सांगायचं. ओहायो स्टेडियममध्ये एक लाख दोन हजारांच्या वर माणूस बसतो, म्हणजे तीन वानखेडे एकावर एक, आणि १९२२ पासून ते उभं आहे. कोच हा राज्याच्या सरकारी विद्यापीठाचा नोकर, पण ओहायोच्या सरकारी पगारपत्रकात सगळ्यात वरचा आकडा त्याचाच, गव्हर्नर बिव्हर्नर खाली कुठेतरी. आणि खेळाडूंना आता उघड पैसे मिळतात, २०२४ ची टीम जमवायला साधारण दोन कोटी डॉलर लागले असं खुद्द इथल्या ॲथलेटिक डायरेक्टरनं सांगितलेलं. कॉलेजची पोरं म्हणे.

तर नेहमीच्या सीझनला मॅच बारा. बारावी नेहमी मिशिगनबरोबर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल टेपनं फुली मारून झाकतात, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं बांधकाम चाललंय. जिंकले तर प्रत्येक खेळाडूला आणि कोचला सोन्याची छोटीशी पँट मिळते, खरंच पँट, गळ्यातल्या साखळीत अडकवायची. १९३४ मध्ये फ्रान्सिस श्मिट नावाचा कोच म्हणाला होता की मिशिगनवालेसुद्धा आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात, तिथून ती प्रथा. आमच्याकडे एक काका आहेत, सत्तरच्या दशकात पीएचडीला आले, तेव्हाचा कोच वूडी हेज याच्या शेवटच्या वर्षांतल्या मॅच त्यांनी स्टुडंट तिकिटावर बघितल्यात. ते एका वाक्यात सांगतात, "अरे, अकरावीपर्यंत कितीही मार्क पाड, लोक बारावीचंच विचारतात."

माझा ऑफिसातला मित्र कोल्हापूरचा. त्याला यातलं काहीही समजावून सांगायला लागलं नाही. लहानपण शाहू स्टेडियमवर गेलेलं, पाटाकडील विरुद्ध दिलबहार, म्हणजे तिथले फुटबॉल संघ, म्हटलं की अजूनही आवाज चढतो. पहिल्याच सीझनला मला म्हणाला, "भावा, इर्षेच्या मॅचला हरलास तर बाकीच्या जिंकून काय उपयोग हाय? तेवढं सांग." त्याला नियम नंतर कळले, भांडण आधी कळलं.

आता रायन डे. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरचा, म्हणजे ओहायोशी काही संबंध नसलेला माणूस. आधीचा कोच अर्बन मायर गेला आणि २०१९ पासून टीम याच्याकडे आली. पहिल्याच वर्षी मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन ५६-२७ नं धुतलं, लोक खूश. २०२० ची मॅच कोविडमुळे झालीच नाही. आणि मग २०२१, ४२-२७. २०२२, आपल्या घरी, ४५-२३. २०२३, ३०-२४. मध्येच कळलं की मिशिगनचा एक कर्मचारी समोरच्या टीमचे इशारे चोरायची व्यवस्था चालवत होता, त्यावरून त्यांच्या कोचला, जिम हार्बोला, तीन मॅच बाहेर बसवलं, त्यात आमच्याबरोबरची पण होती, तरी हरलो. ते त्या वर्षी नॅशनल चॅम्पियन झाले. याच हार्बोनं २०२१ ला जिंकल्यावर टोमणा मारला होता की काही लोक तिसऱ्या बेसवर जन्माला येतात आणि त्यांना वाटतं आपण ट्रिपल मारला. बेसबॉलमधला टोमणा आहे, अर्थ असा की आयत्या बिळावरचा नागोबा. नाव घेतलं नाही पण कोणाला लागला ते सगळ्यांना कळलं.

मला वाटतं या टोमण्यांचाच सगळा खेळ आहे, हरण्याचा कमी. कारण आकडे बघा. २०२४ ची मिशिगनची मॅच संपली तेव्हा डेचा एकूण हिशेब ६६ विजय आणि १० पराभव. दहातले चार मिशिगनकडून. उरलेले सहा काढले तर त्यात क्लेमसन, अलाबामा, जॉर्जिया, मिझुरी आणि दोनदा ओरेगन, म्हणजे कुणी ऐरेगैरे नाहीत, आणि जॉर्जियाची मॅच तर ४२-४१ नं गेली, ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री, बरोबर बाराच्या ठोक्याला आमच्या किकरनं मारलेला बॉल डावीकडे गेला आणि नवीन वर्ष लागलं. असा रेकॉर्ड असलेला माणूस दुसऱ्या कुठल्याही गावात असता तर त्याच्या नावानं चौक झाला असता. इथे माझ्या ऑफिसात सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी लोक त्याला काढायला किती पैसे लागतील याचा हिशेब करत होते, करार मध्येच तोडायचा तर कोट्यवधी डॉलर मोजावे लागणार होते, आणि एक जण अगदी शांतपणे म्हणाला, मी माझ्या वाट्याचे देतो.

पण त्या २०२४ च्या मॅचकडे यायच्या आधी एक वर्ष मागे जायला लागेल, २३ सप्टेंबर २०२३, नोत्र दाम विद्यापीठाचं मैदान. मॅचच्या आधी लू होल्ट्झ टीव्हीवर बोलला होता. होल्ट्झ म्हणजे नोत्र दामला १९८८ चं टायटल मिळवून दिलेला कोच, तेव्हा वय ८६, आणि गंमत म्हणजे १९६८ साली हाच वूडी हेजच्या हाताखाली ओहायो स्टेटमध्ये असिस्टंट होता. तो म्हणाला, डे अलाबामाला हरला, जॉर्जियाला हरला, क्लेमसनला हरला, मिशिगनला दोनदा हरला, आणि प्रत्येक वेळी समोरचे यांच्यापेक्षा जास्त दणकट खेळले म्हणून हरला. थोडक्यात तुमची पोरं नाजूक आहेत. झालं. मॅच ओहायो स्टेटनं १७-१४ अशी जिंकली, शेवटचा एक सेकंद उरलेला असताना एका यार्डावरून मधोमध घुसून, आणि मैदानावरच टीव्हीवालीनं माइक पुढे केला तर डे लालबुंद होऊन म्हणतोय, लू होल्ट्झ आत्ता कुठे आहे ते मला बघायचंय. ८६ वर्षांचा म्हातारा. काका टीव्हीसमोर बसले होते, म्हणाले, "जिंकलाय ना? मग ओरडतोय कुणावर?"

त्या रात्री मला मात्र ते आवडलं होतं, आमच्यातल्या तरुण मंडळींना सगळ्यांनाच आवडलं, आपला कोच खवळला, पोरांची बाजू घेतली, अजून काय पाहिजे. आणि एक गोष्ट जी दुसऱ्या दिवशी कळली आणि हसून पुरेवाट झाली ती म्हणजे त्या शेवटच्या प्लेला नोत्र दामचे मैदानावर दहाच खेळाडू होते, अकरावा यायचा राहिला. म्हणजे आम्ही दणकट आहोत हे आम्ही एका यार्डात, दहा जणांसमोर सिद्ध केलं.

चिडून उत्तर देणाऱ्या कोचची या खेळात परंपराच आहे म्हणा. ओक्लाहोमा स्टेटचा माइक गंडी, २००७ मध्ये स्थानिक पेपरातल्या एका बाईंनी त्याच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, तिरकस कॉलम लिहिला तर हा पत्रकार परिषदेत पेपर नाचवत ओरडला, मी पुरुष आहे, मी चाळीस वर्षांचा आहे, बोलायचं तर माझ्यावर बोला. मॅच जिंकून आला होता तोसुद्धा. लोकांनी ते इतकं डोक्यावर घेतलं की पुढे तो भडकणं हाच त्याचा ब्रँड झाला. पण २०२४ ला टीम तीन जिंकली आणि नऊ हरली, तेव्हा तोच माणूस म्हणाला की जे लोक नावं ठेवतात त्यातल्या बहुतेकांना स्वतःची बिलं भरता येत नाहीत. माफी मागायला लागली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टल्साकडून हरल्यावर वीस वर्षांच्या नोकरीवरून घरी गेला, शाळेच्या (इथे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) इतिहासात सगळ्यात जास्त मॅच जिंकलेला कोच. २००७ मध्ये तो एका पोराच्या बाजूनं भांडला होता, २०२४ मध्ये तिकीट काढून येणाऱ्यांशी भांडला, फरक एवढाच. माझ्या मते फॅनला कोचचा राग चालतो, पण तो आपल्यावर निघाला की मग मागचं सगळं उकरून काढलं जातं.

(आमचा २०२४ चा नोव्हेंबर एकूणच वाईट गेला. ३ तारखेला वानखेडेवर न्यूझीलंडकडून तिसरी टेस्ट हरलो, घरच्या मैदानावर ०-३, आणि अकरा विकेट घेणारा एजाज पटेल हा जन्मानं मुंबईचा. आठ दिवसांत कोच गौतम गंभीर पत्रकारांसमोर बसला आणि पाँटिंगचं नाव निघाल्यावर म्हणाला, पाँटिंगचा भारतीय क्रिकेटशी काय संबंध? कोल्हापूरकरानं मला लगेच विचारलं, "ह्यो आणि आपला डे एकाच तालमीतले काय रं?" गंभीरनं मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली हा भाग वेगळा. त्याही घरात दोन पक्ष आहेत, त्यात मी पडत नाही.)

आता ३० नोव्हेंबर २०२४. मिशिगनचं ते वर्ष अगदीच सुमार, सहा जिंकलेल्या पाच हरलेल्या, हार्बो सोडून गेलेला, क्वार्टरबॅक धड नाही, त्यांचा सगळ्यात भारी डिफेंडर विल जॉन्सन जखमी. आम्ही दुसऱ्या नंबरवर, सट्टेवाले आम्हाला जवळपास वीस पॉइंट पुढे धरून चाललेले, मॅच घरी. काकांनीसुद्धा लाल स्वेटर काढला होता, जो ते फक्त जिंकायची खात्री असली की घालतात.

मॅचच्या आधी डे एका मुलाखतीत म्हणाला होता की मिशिगनला हरणं हे त्याच्या घरच्यांसाठी, वडिलांचं जाणं आणि अशा काही मोजक्या गोष्टी सोडल्या तर, सगळ्यात वाईट. त्याचे वडील तो लहान असताना आत्महत्येनं गेले, हे त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलंय, आणि नवराबायकोनं मिळून इथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी पण उभा केलाय, त्यामुळे हे वाक्य ऐकून हसण्यासारखं नाही. पण मला वाटतं ते बोलायला नको होतं. लोक त्या मॅचला जेवढं वजन देत होते तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच, त्यानं स्वतः देऊन टाकलं. आता हरला तर 'अरे एक मॅच आहे' म्हणायची सोयच कुणाला उरली नाही, ना त्याला, ना आम्हाला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी, चार प्रयत्नांत (एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात) दहा यार्ड पुढे जायचं, बॉल हातात घेऊन पळा नाहीतर फेका. आमच्याकडे फेकलेला बॉल पकडायला जेरेमाया स्मिथ, पहिल्या वर्षाचं पोरगं, पण देशातला बहुतेक सगळ्यात भारी रिसीव्हर. मिशिगनकडे मधोमध दोन राक्षस, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघंही पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, खेळाडू निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले. आणि आमच्या मधल्या लाइनीतला सेंटर त्याच महिन्यात जखमी झालेला, डावा टॅकल त्याच्या आधीच गेलेला. म्हणजे मधून वाट करून देणारे आमचेच दोघं नाहीत, मग फेकायचं, हे पोरासोरांना पण कळेल. आणि आम्ही काय केलं, तर पुन्हा पुन्हा मधोमध, त्या दोन राक्षसांच्या अंगावर. २६ वेळा पळालो, यार्ड ७७. स्मिथला पाच कॅच, ३५ यार्ड. हाफ टाइमला १०-१०, आणि दुसऱ्या हाफमध्ये आम्ही शून्य. शून्य! मिशिगननं अख्ख्या मॅचमध्ये फेकून जेमतेम ६२ यार्ड काढले आणि तरी १३-१० नं जिंकले, ४५ सेकंद उरले असताना किक मारून. आमच्या किकरच्या दोन हुकलेल्या.

मग झेंडा. मिशिगनवाले मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायला आले, मारामारी, पोलिसांनी मिरचीचा स्प्रे मारला, दोन्ही शाळांना लाख-लाख डॉलर दंड. या सगळ्यात डे कडेला उभा, नुसता बघतोय. नंतर विचारलं तर म्हणाला, आमच्या पोरांना अभिमान आहे, ती ते होऊ देणार नव्हती. स्टेडियममध्ये त्याच्या नावानं जे ओरडणं चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही.

मला त्या रात्री घरी येताना जे वाटलं ते अजूनही वाटतं, आणि यावरून काकांशी माझं कित्येकदा वाजलंय. डे त्या दिवशी मिशिगनशी खेळतच नव्हता. तो लू होल्ट्झला उत्तर देत होता, चौदा महिन्यांनी. तुम्ही नाजूक आहात, तुम्हाला मधोमध घुसता येत नाही, असं एक जण म्हणाला, हार्बो म्हणाला, तीन वर्षं सगळे म्हणत राहिले, आणि या माणसाच्या डोक्यात ते इतकं बसलं की बाहेर देशातला सगळ्यात भारी रिसीव्हर एकट्या डिफेंडरसमोर उभा असताना हा सिद्ध करायला निघाला की बघा, घुसतो. नोत्र दामला तो माइकवर ओरडला ते तेवढ्यावर संपलं असतं तर काही बिघडलं नसतं, ते प्ले-कॉलच्या, म्हणजे पुढचा डाव कुठला ते ठरवायच्या, कागदावर उतरलं. काका म्हणतात काहीतरीच, प्ले-कॉल चिप केली नावाचा असिस्टंट कोच करत होता, त्याला होल्ट्झशी काय देणंघेणं? बरोबर आहे, कॉल केलीचे होते, पण कॉलेजमध्ये डे क्वार्टरबॅक असताना ऑफेन्स शिकवायला हाच केली होता, दोघांची ओळख तेव्हापासूनची, आणि हेड कोचला नको असलेली गोष्ट कुणी २६ वेळा करत नाही. कोल्हापूरकराचं म्हणणं तिसरंच, "वस्ताद सांगतोय पट काढ, आणि ह्यो छाती दाखवायला हुबा." कुस्तीतलं मला फार कळत नाही पण मुद्दा पोचला.

म्हणून 'हाकला याला' हे जे गावभर चाललं होतं त्यात मला अर्धंच पटत होतं. खेळावरचा राग शंभर टक्के बरोबर, तो राग आलाच पाहिजे, एक लाख माणसाला जे दिसत होतं ते साइडलाइनवरच्या एकालाही दिसू नये? पण काढून आणणार कुणाला? ६६-१० च्या वरचा माणूस कुठे ठेवलाय मिळायला? कूपरला काढलं तेव्हा ट्रेसल सापडला हे खरं, पण असा सापडतोच असं नाही, मिशिगननंसुद्धा हार्बोच्या आधी रिच रॉड्रिग्ज आणि ब्रेडी होक करून बघितलेत. हा मुद्दा मी एका पॉटलकला मांडला तर एक काकू, ज्यांना फुटबॉलचा अत्यंत कंटाळा आहे, त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्याला काढायचं बोलताय, की तुम्हाला शनिवारी जो त्रास झाला त्याची भरपाई मागताय?" मग कुणीतरी पुरणपोळी आणली आणि विषय निघून गेला.

त्या पुढचे तीन आठवडे डे जवळजवळ काही बोलला नाही, म्हणजे पत्रकारांसमोर यायचा, पण कुणावर घसरला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. खेळाडू आणि कोच यांची बंद दाराआड मीटिंग झाली, त्यात बऱ्याच जणांनी बरंच काही तोंडावर सुनावलं असं नंतर खेळाडूंनीच सांगितलं. प्लेऑफमध्ये, म्हणजे नॅशनल टायटलच्या बाद फेऱ्यांमध्ये, पहिल्यांदाच बारा टीम घेतल्या होत्या म्हणून आम्हाला जागा मिळाली, आधीच्या चार टीमच्या पद्धतीत मिळाली असती की नाही कुणास ठाऊक. २१ डिसेंबरला टेनेसी आमच्या घरी, कडाक्याची थंडी, आणि स्टेडियममध्ये नारिंगी रंग इतका की लाज वाटावी, आमच्या लोकांनी चिडून तिकिटं विकून टाकलेली. विकणाऱ्यांतले दोघे माझ्या ओळखीचे आहेत, आता ते म्हणतात आम्हाला सर्दी झाली होती.

आणि पहिल्या क्वार्टरलाच २१-०. फेकाफेकी, सरळ स्मिथकडे. ४२-१७. मग रोझ बोलमध्ये ओरेगन, पहिल्या नंबरची, न हरलेली टीम, एका वेळी ३४-० होतं, स्मिथ सात कॅच १८७ यार्ड. मी बायकोला उठवलं की खरंच चौतीस दिसतंय ना. टेक्सासला शेवटी जॅक सॉयरनं क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवून ८३ यार्ड पळत नेला, २८-१४. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात फायनल, समोर कोण तर नोत्र दाम, लू होल्ट्झची शाळा. ३१-७ वरून ते ३१-२३ पर्यंत आले, सगळ्या कोलंबसच्या पोटात गोळा, तिसरा डाउन, अकरा यार्ड हवेत, अडीच-पावणेतीन मिनिटं बाकी. नोव्हेंबरातला डे इथे काय करेल हे मी सांगतो, मधोमध पळून घड्याळ चालू ठेवेल. त्यानं स्मिथला उभा सोडला आणि ५६ यार्ड लांब फेकायला लावला. कॅच. मग तोच किकर, मिशिगनला दोन हुकलेला, आला आणि आत मारून गेला. ३४-२३. फेब्रुवारीत कराराला नवी वर्षं जोडली, वर्षाला सव्वा कोटी डॉलर, आपल्याकडचे शंभर कोटींच्या वर.

मला सगळ्यात जास्त आवडलेला वाद मात्र यानंतरचा आहे. सॉयर, एग्बुका, हेंडरसन, बर्क, तुइमोलोआउ ही सगळी २०२१ ला आलेली पोरं, एनएफएल एक वर्ष पुढे ढकलून मुद्दाम थांबली होती, मिशिगनला एकदा तरी हरवायचं म्हणून. ती नॅशनल चॅम्पियन होऊन गेली, आणि सोन्याची पँट एकाकडेही नाही. चार वर्षांत एकही नाही. काकांना विचारलं, काका, अदलाबदल कराल? टायटल द्या, एक पँट घ्या. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या पोरांना विचार. मी काय, मला वूडीच्या वेळच्या आठवणी आहेत." काकूंनी आतून ओरडून सांगितलं की हे करतील अदलाबदल, लगेच करतील. कोल्हापूरकराचं उत्तर ठरलेलं होतं. मी टायटल ठेवीन, आणि यावरून मला बाहेरचा म्हणतात, बायकोसुद्धा म्हणते.

२९ नोव्हेंबर २०२५ ला ॲन आर्बरमध्ये, बर्फात, २७-९ नं ती मॅच अखेर जिंकली, आणि आठवडाभर गावातला प्रत्येक माणूस असं बोलत होता जणू त्याचा डेवर पहिल्यापासून विश्वास होता. तिकिटं विकलेले दोघेसुद्धा. मग पुढच्याच शनिवारी इंडियानाकडून हरलो, वर्षाच्या शेवटच्या रात्री मायामीकडून हरलो, आणि एक जानेवारीला काकांकडे जेवायला जमलो तर श्रीखंड वाटीत पडायच्या आधी सुरू. इंडियानाच्या पाच यार्डावर चौथा डाउन, एक यार्ड हवा, क्वार्टरबॅकला मधोमध घुसवला आणि गुडघा आधी टेकला म्हणून पंचांनी रिप्लेवर परत घेतलं. मी म्हणालो बघा, परत मधोमध. काका म्हणाले एका यार्डाला मधोमधच जातात, तुझा होल्ट्झ इथे नको आणू. कोल्हापूरकर म्हणतोय चौथ्या डाउनला किक का नाही, आणि काका म्हणतायत किकर नंतर सत्तावीस यार्डावरून हुकलाच की, तुला अजून किक पाहिजे?